पारख वेगळी, सौदा वेगळा



आजचा विषय आपल्या मातीतला नाही, तेव्हा थोडी ओळख आधी करून द्यायला हवी. मी बोलणार आहे तो फुटबॉल अमेरिकेतला. लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड, आणि अकरा विरुद्ध अकरा. तुमच्यापैकी ज्यांची मुलं-नातवंडं न्यू जर्सीत किंवा टेक्सासात आहेत, त्यांच्या घरी रविवारी टीव्हीवर हा खेळ चालू असलेला तुम्ही पाहिला असेल. या खेळाची व्यावसायिक संघटना म्हणजे एनएफएल. तिचे बत्तीस संघ. दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस हे संघ तीन दिवसांत कॉलेजांतून बाहेर पडणारे अडीचशेच्या वर खेळाडू निवडून घेतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात.

आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. तिथे खेळाडूवर बोली लागते. ड्राफ्टमध्ये बोली नाही, पाळी असते. गेल्या हंगामात जो संघ सगळ्यांत खाली राहिला त्याची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. अशा सात फेऱ्या. ज्याची पाळी असेल त्याने हव्या त्या खेळाडूचं नाव घ्यायचं, आणि एकदा नाव घेतलं की त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क त्याच संघाचा. पाळी मात्र विकता येते, बदलून घेता येते, पुढच्या वर्षीची आजच देऊन टाकता येते. माझं आजचं बोलणं मुख्यतः या शेवटच्या सोयीबद्दल आहे.

ही पद्धत आणली बर्ट बेल यांनी. ते फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक. संघ गरीब, मैदान रिकामं, आणि चांगला खेळाडू नेहमी शिकागो किंवा न्यूयॉर्कच्या श्रीमंत संघाकडे जायचा. १९३५ साली त्यांनी इतर मालकांपुढे प्रस्ताव ठेवला की जो हरला त्याला आधी निवडू द्या. श्रीमंतांनी तो मान्य केला, आणि मला याचं आजही कौतुक वाटतं. आपला प्रतिस्पर्धीच उरला नाही तर आपला सामना बघायला कोण येणार, हे त्यांना उमगलं होतं. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. पहिलं नाव पुकारलं गेलं शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचं. ईगल्सनी त्याचे हक्क शिकागो बेअर्सना दिले, पण पगारावर एकमत झालं नाही, आणि बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही.

तेव्हा खेळाडू हेरणारा स्काउट नावाचा प्राणीच नव्हता. नावं वर्तमानपत्रांतून यायची. आज एकेका संघाकडे स्काउटांची फौज आहे, डॉक्टर आहेत, मानसशास्त्रज्ञ आहेत, गणिती आहेत. तरीही चुका होतात, मोठ्या होतात आणि वर्षानुवर्षं होतात. असं का, यावर माझं उत्तर असं आहे: ड्राफ्टमध्ये कामं दोन. एक पारख, दुसरं सौदा. हा मुलगा किती चांगला खेळेल, ही पारख. त्याच्यासाठी आपण काय द्यावं, हा सौदा. पारखीची मर्यादा विसरून सौदा केला की संघ बुडतो. आणि कित्येकदा पारख अगदी बरोबर असते, तरीही सौदा संघाला बुडवतो.

आधी पारख पाहू. क्वार्टरबॅक घ्या. प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते, चेंडू कुणाला द्यायचा की फेकायचा हे तो ठरवतो. आपण घरी बसून सामना बघतो तेव्हा आपली नजर चेंडूमागे पळते. स्काउट चेंडूकडे बघतच नाही. त्याच्याकडे उंचावरून घेतलेलं चित्रण असतं, त्यात बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात. एक चाल तो पाच-सहा वेळा मागेपुढे करतो. चेंडू हातात आल्यावर पोराचे डोळे आधी कुठे गेले? पहिला साथीदार अडवलेला दिसल्यावर नजर दुसऱ्याकडे वळली का? नजर वळली तेव्हा पावलंही वळली, की वरचं अंग एकीकडे आणि पाय दुसरीकडे? आणि सव्वाशे किलोचा गडी अंगावर येत असताना त्याने नजर मैदानावर ठेवली, की त्या गड्याकडे वळवली? चाळीस यार्डांची फेक झेलली जाते, मैदान डोक्यावर घेतलं जातं, आणि स्काउट वहीत उणे लिहितो, कारण डावीकडे मोकळा उभा असलेला साथीदार या पोराने पाहिलाच नव्हता. पुढची फेक वाया जाते, स्काउट अधिक लिहितो. चेंडू जिथे पडायला हवा तिथेच पडला, झेलणाराच घसरला होता.

असे शेकडो तास. त्यातही कॉलेजची अडचण अशी की सगळे एकाच दर्जाच्या विरोधकांशी खेळत नाहीत. अलाबामासारख्या बलाढ्य संघात क्वार्टरबॅकचे साथीदारच इतके वेगवान असतात की ते मोकळे सापडतात, आणि फेकणारा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. लहान कॉलेजातला मुलगा चांगला दिसला तर त्याच्यासमोर कोण होतं असा प्रश्न. साधा दिसला तर त्याच्यासोबत कोण होतं, हा प्रश्न. खेळाडूला त्याच्या संघापासून सोडवून एकटा बघणं, हीच पारखीतली सगळ्यांत अवघड गोष्ट.

म्हणून सगळ्यांना एकाच जमिनीवर आणून मोजायची कल्पना निघाली. १९८७ पासून इंडियानापोलिस शहरात दर वर्षी कॉम्बाइन भरतं. तीनशेच्या वर मुलं बोलावली जातात. उंची, वजन, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हाताची वीत, सगळं मोजतात. २२५ पौंडांची, म्हणजे १०२ किलोची वजनं छातीवरून किती वेळा उचलली ते मोजतात. आणि सगळ्यांच्या नजरा लागतात त्या चाळीस यार्डांच्या धावेकडे, साधारण साडेछत्तीस मीटर. २०१७ साली जॉन रॉस ४.२२ सेकंदांत धावला, तोवरचा विक्रम. सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं, आणि चार वर्षांत तो तिथे स्थिरावला नाही. वेग खरा होता. पण अंगाशी चिकटलेल्या रक्षकापासून सुटणं, चेंडू झेलणं, हंगामभर शरीर धडधाकट ठेवणं, हे घड्याळात येत नाही.

मोजमापच नको असं मी म्हणणार नाही. मोजमाप एका प्रश्नाचं उत्तर देतं, ते दहा प्रश्नांना लावू नये एवढंच. पुढच्या फळीतला दीडशे किलोचा खेळाडू सामन्यात चाळीस यार्ड सरळ क्वचितच धावतो. जाणते स्काउट त्याच्या धावेतले पहिले दहा यार्डच पाहतात, कारण त्याचं काम त्या पहिल्या उसळीतच असतं.

इथे एका भारतीय माणसाची गोष्ट सांगितली पाहिजे, आपल्याकडे ती फारशी कुणी सांगत नाही. डॅलस काउबॉइज संघाचे सर्वेसर्वा टेक्स श्रॅम. १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी ते टीव्ही कंपनीत होते, तिथे त्यांनी आयबीएमचे संगणक निकालांची मांडणी करताना पाहिले. हेच यंत्र खेळाडू निवडायला का वापरू नये, असं त्यांच्या मनात आलं. आयबीएमच्या एका शाखेने हे काम ज्याच्याकडे सोपवलं तो होता सलाम कुरेशी, भारतातून गेलेला तरुण संख्याशास्त्रज्ञ. त्याला क्रिकेट माहीत होतं. अमेरिकन फुटबॉल अजिबात माहीत नव्हता.

माझ्या मते हेच बरं झालं. त्याने प्रशिक्षकांना विचारलं, चांगला खेळाडू म्हणजे काय? उत्तरांचा ढीग जमला, शेकड्यांनी गुण. कुरेशीच्या लक्षात आलं की एकच शब्द दोन स्काउट दोन अर्थांनी वापरतात, आणि दोन शब्दांनी एकच गोष्ट सांगतात. मग चाळत चाळत त्या ढिगातून पाच गुण उरले: स्वभाव, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, जिद्द, डोक्याची तल्लखी, ताकद आणि उसळी. उंची, वजन, वेग हे मोजता येणारे वेगळे. प्रत्येक गुणासाठी नेमकी विधानं ठरली आणि स्काउटने त्यांना आकडे द्यायचे. संगणकाचं नाव झालं, पण माझ्या लेखी खरी कमाई ही होती की टेक्सासातला स्काउट आणि ओहायोतला स्काउट पहिल्यांदा एकाच भाषेत बोलू लागले. १९७५ च्या हंगामात डॅलसच्या संघात एकदम बारा नवखे खेळाडू आले आणि संघ थेट सुपर बोलपर्यंत, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोचला.

तिथे त्यांना पिट्सबर्ग स्टीलर्सनी हरवलं, २१–१७. आणि स्टीलर्सकडे होते बिल नन.

नन हे पिट्सबर्ग कुरिअर या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राचे क्रीडासंपादक. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कॉलेजांचे सामने त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेले. त्या कॉलेजांकडे बहुतेक संघ पुरतं लक्षच देत नसत. स्टीलर्सनी ननना साठच्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे घेतलं. अलाबामा ए अँड एम या कॉलेजात जॉन स्टॉलवर्थ नावाचा झेल घेणारा खेळाडू होता. वेगवेगळ्या संघांचे स्काउट त्याचा वेग मोजायला गेले, मैदान ओलं होतं, वेळ वाईट आली. बाकीचे पुढच्या गावी निघाले. नन म्हणाले, मला बरं वाटत नाही, मी थांबतो. दुसऱ्या दिवशी कोरड्या जागेवर त्यांनी स्टॉलवर्थला पुन्हा धावायला लावलं, आणि इतर कुणाकडे नव्हता असा आकडा त्यांच्या हाती आला.

यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९७४ च्या ड्राफ्टमध्ये स्टीलर्सचे मुख्य प्रशिक्षक चक नोल यांना स्टॉलवर्थ पहिल्याच फेरीत हवा होता. निवड समितीने त्यांना आवरलं. इतरांना त्याची किंमत कळलेली नाही, तेव्हा थांबता येईल. पहिल्या फेरीत त्यांनी लिन स्वॉन घेतला, दुसरीत जॅक लँबर्ट. तिसऱ्या फेरीची पाळी त्यांनी आधीच दुसऱ्या संघाला देऊन टाकली होती, म्हणजे संपूर्ण फेरी हात चोळत बसायचं. चौथ्या फेरीत, ८२ व्या क्रमांकावर, स्टॉलवर्थ अजून शिल्लक होता. पाचवीत माइक वेब्स्टर. हे चौघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. पारख ननची होती. पण आपल्याला जे माहीत आहे ते इतरांना माहीत नाही हे ओळखून किंमत वाढू न देणं, हा सौदा होता, आणि तो तेवढ्याच तोलामोलाचा होता.

आता पारखीची मर्यादा. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर टॉम ब्रेडीला घेतलं. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. ही गोष्ट पेट्रियट्सच्या दूरदृष्टीची म्हणून सांगतात. मला ती पटत नाही. ब्रेडीच्या आधी याच संघाने त्या ड्राफ्टमध्ये सहा खेळाडू घेतले होते. तो कोण होणार हे माहीत असतं तर सहा वेळा कोण थांबलं असतं? त्यांचं श्रेय वेगळ्या ठिकाणी आहे. पहिल्या वर्षी गरज नसताना त्यांनी चार क्वार्टरबॅक संघात ठेवले, एरवी दोन-तीन ठेवतात, आणि ब्रेडीला शिकायला वेळ दिला.

दुसऱ्या बाजूला १९९८. पेटन मॅनिंग आणि रायन लीफ या दोन क्वार्टरबॅकांत सरस कोण, यावर देशभर वाद झाला. इंडियानापोलिसने मॅनिंग घेतला. सॅन डिएगोने फक्त तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी दुसऱ्या फेरीची पाळी, पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची पाळी आणि दोन खेळाडू मोजले, आणि लीफ घेतला. लीफच्या सगळ्या कारकिर्दीत १४ टचडाउन पास, म्हणजे गुण मिळवून देणाऱ्या फेका, आणि ३६ इंटरसेप्शन, म्हणजे विरोधकांनी मधल्यामध्ये झेललेल्या फेका. ज्यांनी त्याला निवडलं ते अडाणी नव्हते. प्रश्नच असा होता की जाणत्यांनाही उत्तर सापडत नव्हतं.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी हे आकड्यांत मांडलं. थेलर म्हणजे पुढे २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. त्यांनी एकाच जागी खेळणारे, ड्राफ्टमध्ये एकामागून एक निवडले गेलेले खेळाडू जोडीजोडीने तपासले. आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरला, असं किती वेळा घडलं? सुमारे ५२ टक्के. नाणं उडवलं तर पन्नास. यातून पारख खोटी ठरत नाही. पहिल्या फेरीतला खेळाडू पाचव्या फेरीतल्यापेक्षा सरासरीने नक्कीच चांगला असतो. पण शेजारच्या दोघांतला फरक ओळखायला लागलो की आपण जवळजवळ आंधळे असतो, आणि संघ सर्वांत मोठी किंमत मोजतात ती नेमकी त्याच फरकासाठी.

ती किंमत ठरते कशी? १९९१ च्या सुमारास डॅलसचे भागीदार माइक मॅककॉय यांनी प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्यासाठी एक तक्ता केला. पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, सोळाव्याला १०००, बत्तिसाव्याला ५९०. आधी झालेल्या देवाणघेवाणीवरून तो काढलेला. म्हणजे पाळीची खरी किंमत किती हे त्यात नव्हतं, लोक किती देतात हे होतं. हळूहळू सगळ्याच संघांनी तो किंवा त्यासारखा तक्ता वापरायला घेतला आणि जुन्या चुकीला कोष्टकाचं वजन आलं. मॅसी-थेलर यांचा निष्कर्ष असा की वरच्या पाळ्या फार महाग विकल्या जातात. तेव्हा दुसऱ्याला खात्री झाली असेल तर त्याला वर जाऊ द्यावं, आणि आपण खाली येऊन दोन-तीन पाळ्या जास्त घ्याव्यात.

उलट वागणाऱ्याचं काय होतं ते न्यू ऑर्लिन्सने १९९९ साली दाखवलं. माइक डिटका या नामांकित प्रशिक्षकाने रिकी विल्यम्स या चेंडू घेऊन धावणाऱ्या एका धावपटूसाठी त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या पाळ्या आणि वर पुढच्या वर्षीच्या पहिल्या आणि तिसऱ्या फेरीच्या पाळ्या देऊन टाकल्या. विल्यम्स चांगला खेळाडू होता. पण सबंध ड्राफ्टमधून एकच माणूस घेऊन घरी जाणाऱ्या संघाला तो एकटा कुठवर नेणार? त्याच वर्षीच्या हंगामाच्या शेवटी डिटकांची नोकरी गेली.

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचं उदाहरण तर एकाच संघातलं आहे. २०२१ साली तिसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी त्यांनी आपली बाराव्या क्रमांकाची पाळी, पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पाळ्या आणि वर तिसऱ्या फेरीची एक पाळी दिली, आणि क्वार्टरबॅक ट्रे लान्स घेतला. २०२२ साली ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या, २६२ व्या पाळीवर ब्रॉक पर्डी घेतला. लान्स जखमी झाला, पर्डीला संधी मिळाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्डीच संघाला सुपर बोलमध्ये घेऊन गेला. लान्स तोवर चौथ्या फेरीच्या एका पाळीच्या बदल्यात डॅलसला गेलेला होता. मला लान्सबद्दल वाईट वाटतं. कॉलेजात तो जेमतेम एक हंगाम पुरा खेळला होता, आणि पहिल्या फेरीच्या तीन पाळ्यांचं ओझं त्याने स्वतः मागून घेतलेलं नव्हतं.

पारख बरोबर आणि सौदा चुकीचा, याचं स्वच्छ उदाहरण सेकॉन बार्कली. २०१८ साली न्यूयॉर्क जायंट्सनी या धावपटूला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच वर्षी तो आक्रमणातला सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला. पण त्याच्यासाठी वाट करून देणारी पुढची फळीच कमकुवत होती, आणि धावपटूची उमेदीची वर्षं थोडी. ती संघ बांधण्याच्या खटपटीत गेली. २०२४ साली तो ईगल्सकडे गेला. तिथे फळी भक्कम होती. त्याच हंगामात तो २००५ यार्ड धावला आणि सुपर बोल जिंकला. जायंट्सच्या स्काउटांनी लिहिलेला शब्द न् शब्द खरा ठरला होता.

खेळाडू कुठे पडतो यावर किती अवलंबून असतं हे सौदा करणाऱ्यांना लवकर समजत नाही. २०१७ साली पॅट्रिक महोम्ससाठी कॅन्सस सिटी सत्ताविसाव्यावरून दहाव्या क्रमांकावर आलं. पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची पाळी त्यात गेली. माझ्या सांगण्याविरुद्ध जाणारा हा सौदा आहे, आणि तो सोन्याचा ठरला. पण त्या संघाकडे अॅलेक्स स्मिथसारखा अनुभवी क्वार्टरबॅक होता, अँडी रीडसारखा प्रशिक्षक होता, आणि महोम्सला त्यांनी जवळजवळ संपूर्ण पहिलं वर्ष बाकावर बसवलं. तळाच्या संघाला हे परवडत नाही. ज्याला पहिली पाळी मिळते त्याच्याकडेच मुलाला शिकवायला वेळ, माणसं आणि फळी सगळ्यांत कमी असते. बर्ट बेल यांच्या न्यायाची ही दुखरी बाजू आहे.

आणि मुलाच्या बाजूनेही पाहायला हवं. विशी-बाविशीतला तरुण. २०२१ पर्यंत कॉलेजला त्याच्या जिवावर कोट्यवधी डॉलर मिळायचे आणि त्याला स्वतःच्या नावावर एक जाहिरातही करता येत नव्हती. शाळा सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय त्याला ड्राफ्टमध्ये येता येत नाही. कॉम्बाइनमध्ये बत्तीस संघांचे डॉक्टर त्याचे गुडघे वाकवून बघतात. गाव आणि मालक दुसरा कुणी ठरवतो, आणि २०११ पासून नवख्यांचा पगारही क्रमांकानुसार आधीच ठरलेला. २०१० चा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याचा करार ७.८ कोटी डॉलरचा होता, सहा वर्षांचा. पुढच्या वर्षीच्या पहिल्या, कॅम न्यूटनचा, चार वर्षांचा सुमारे २.२ कोटी. वाचलेला पैसा संघांना अनुभवी खेळाडूंवर घालता आला, म्हणून स्वस्त आणि चांगला तरुण क्वार्टरबॅक ही आज या खेळातली सगळ्यांत मोठी दौलत आहे, आणि म्हणूनच २०२४ साली पहिल्या बारा पाळ्यांत सहा क्वार्टरबॅक उचलले गेले. स्काउटांनी आपला अहवाल लिहिताना हे सारं एका माणसाच्या आयुष्याबद्दल चाललं आहे याची आठवण ठेवावी, असं मला फार वाटतं. ननना ती होती. ज्या मुलांकडे कुणी बघत नव्हतं त्यांच्याकडे ते बघायला गेले.

१९७४ चा तो ड्राफ्ट सतरा फेऱ्यांचा होता. ४४२ नावं पुकारली गेली. साउथ कॅरोलायना स्टेट या कृष्णवर्णीय कॉलेजातल्या डॉनी शेलचं नाव त्यात नव्हतं. स्टीलर्सनीही ते घेतलं नव्हतं. पण ज्याचं नाव घेतलं जात नाही त्याला आपला संघ स्वतः निवडता येतो, आणि शेलने पिट्सबर्ग निवडलं. तिथे त्याला बचावातल्या लाइनबॅकरच्या जागेवरून मागे, सेफ्टी या सगळ्यांत मागच्या बचावपटूच्या जागी आणलं. त्या जागी तो चौदा हंगाम खेळला, विरोधकांच्या ५१ फेका त्याने मधल्यामध्ये झेलल्या, चार सुपर बोल जिंकले, आणि २०२० साली हॉल ऑफ फेमसाठी त्याची निवड झाली.